कडूबाईची पाळी

कडूबाईची मोटर नशिबानं चालली, असं आमच्या वस्तीवर अजून एक-दोघं म्हनत्यात. त्यांना एकदा माझ्यासमोर आना. त्या दिवशी मोटरघराच्या दारात पहार धरून मी उभी हुते. नशीबबिशीब कुनी तिथं आलं न्हवतं. आमी दोघीच हुतो, आन दोघींच्याबी तोंडचं पानी पळालं हुतं.

कडू माझी धाकली जाऊ. मी गोजरबाई, थोरली. तिच्या आईची आधीची पोरं जगली न्हाईत, म्हनून हिचं नाव कडू ठेवलं, की मरनाला ही पोर गोड लागू नये. नाव कडू, पर बाई मऊ हुती. कुनाच्या अध्यात न्हाई की मध्यात न्हाई. फक्त एकदा डोक्यात काय घेतलं, की मग ब्रह्मदेव आला तरी ऐकायची न्हाई.

ती लग्न होऊन आली तवा आमच्या इहिरीवर मोट हुती. माझा दीर मच्छिंद्र, म्हंजे तिचा नवरा, तापानं पडला की हीच कासोटा घट्ट खोचून बैल जुपायची. चामड्याची मोट भरली की बैल उतारावर हाकायचे, नाड्यावर, म्हंजे मोटंच्या दोरावर, बसायचं, मोट रिकामी झाली की बैल परत मागं सारायचे. बाप्याची कंबर मोडती त्या कामात. ही दिवसभर करायची. तवा एकाच्याबी मनात आलं न्हाई, की हे बाईचं काम न्हवं. हे ध्यानात ठेवा, कारन पुढं बैल गेले, बटन आलं, आन मग सगळ्यांना बाई आठवली.

आमच्यात नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, भायाशी, बोलायची रीत न्हाई. माझे मालक तिचे भाया. गाव त्यांना सूर्यभानदादा म्हनतं. मी नाव घेत न्हाई, आज तुमच्यासाठी घेतलं. ते अंगनात आले की कडूनं पदर पुढं वढायचा आन भिंतीकडं तोंड करायचं. काय सांगायचं ते माझ्याकडनं. दोघं चार हातावर उभे, तरी ही मला म्हननार, "बाई, त्यांना म्हनावं भाकरी वाढलीया." मग मी तेच परत म्हनायचं, जसं काय मालक बहिरे हायेत. त्यांचं उत्तर माझ्याकडं, माझ्याकडनं हिच्याकडं. मी म्हंजे दोघांमधली टपालपेटी. ती सासरी आली तवापासनं त्या दोघांत एक शब्द सरळ गेला न्हवता.

एकाहत्तर सालच्या संक्रांतीला वस्तीवर लाईट आली आन दोघा भावांत मिळून इहिरीवर मोटर बसली. पान्याच्या पाळ्या ठरल्या. एक आठवडा आमचा, एक आठवडा मच्छिंद्रभावजींचा. आमचं पानी उसाला जायचं. त्यांचं जायचं कडूच्या लिंबोनीला. ती बाग तिची, असंच सगळे म्हनायचे. रोपं तिनं लावली, डोक्यावरनं घागरी नेऊन जगवली, बकऱ्या हाकलून हाकलून तिचा घसा बसला. तिला पोरबाळ न्हवतं. मी हे वाईट वाटून सांगत न्हाई, ती सोताच सांगायची की माझी लेकरं त्या बांधाला उभी हायेत. पहिला बहार धरायला आला हुता.

मोटर आली तशी मालकांच्या अंगात पाटीलकी आली. पत्र्याचं मोटरघर बांधलं, त्याला कुलूप, आन चावी मालकांच्या करदोड्याला. आत एक वाळलेली बांबूची काठी उभी असायची. मालक दारातच थांबायचे, सगळ्या पोराटोरांना लांब सारायचे, भैरोबाचं नाव घ्यायचे, डोळे बारीक करायचे आन काठीच्या टोकानं स्टाटरचं हिरवं बटन दाबायचे. मोटर घुर्र करून लागली की खाकरून मिशीवरनं हात फिरवायचे. बघनाऱ्याला वाटावं, वाघ मारला. मला तवाच हसू यायचं, पर नवरा हाय म्हनून तोंडात पदर धरायची.

मग दसरा आला. खंडेनवमीला आमी आवजारं पुजतो. नांगर धुतला, कुऱ्हाड, विळे, कोयते धुतले, हळदकुंकू लावलं. मग मोटर कशी सोडायची? भावजींनी स्टाटरची पेटी ओल्या फडक्यानं पुसली आन वरनं कुंकू लावायला गेले. मालक दारातनं म्हनले, वरवर कशाला लावतो, देवी आत हाय, आत लाव. भावजी बिचारे साधे. त्यांनी झाकन काढलं आन ओल्या कुंकवाचं बोट आत घातलं.

ते उडून दाराबाहेर पडले. हात काळा पडला हुता, तोंडातनं शब्द निघंना. कडूनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आन मी कांदा फोडून नाकाला लावला. जीव वाचला बगा, बाकी काय सांगू.

श्रीगोंद्यावरनं चांदभाई मिस्त्री आले. जळलेल्या मोटरींची तार नव्यानं भरायचं त्यांचं दुकान हुतं, सगळ्या तालुक्यात त्यांचंच नाव. त्यांनी पेटी उघडली, आतला लाल लगदा बघितला आन कपाळाला हात लावला. ओला हात, ओलं कुंकू, आन वरनं मेन चालू ठेवलेला, मानूस हाय ही खुदाची मेहेरबानी, असं ते सरळ म्हनले. पूजा बाहेरनं करा, कोरडी करा, येवढं सांगून गेले. गोष्ट तिथं संपायची. पर तसं झालं असतं तर चूक आमच्या मालकांची ठरली असती, आन ती कशी ठरनार? भावकीत बसून त्यांनी दुसरंच काढलं. म्हनले, त्या दिवशी धाकलीची पाळी आलेली हुती, आन ती घागर घेऊन इहिरीवर गेल्ती. तिची सावली मोटरीवर पडली. मिस्त्री मुसलमान, त्याला आपला विटाळ काय कळनार. आजपासनं बाईची जात मोटरघराकडं फिरकायची न्हाई.

कडू भिंतीकडं तोंड करून ऐकत हुती. मला म्हनली, "बाई, त्यांना इचारा, कुंकू आत लाव म्हनून कोन म्हनलं?" मी इचारलं, अगदी मोठ्यानं इचारलं. मालकांनी तांब्याभर पानी पिलं आन उठून बाहेर गेले.

पर मेला नियम झाला तो झालाच. आन भावजींच्या मनात भ्या बसलं ते बसलंच. त्यांचा हात बरा झाला, पर इहिरीकडं जायचं तर ते बांधावरनं लांबचा वळसा घ्यायचे. लाईटीच्या खांबाजवळनं जाताना बैलाच्या आडोशाला चालायचे. कुनी इचारलं तर म्हनायचे, मला कशाचं भ्या. मालक चारचौघांत त्यांना म्हनायचे, मच्छिंद्र बायकोच्या लुगड्याआड लपतो. सख्खा भाऊ असं बोलला की मानूस आतनं तुटतं. कडू नवऱ्याला एका शब्दानं बोलली न्हाई. पर तिचे ओठ कसे आवळायचे ते मी बघत हुते.

आता भावजींच्या आठवड्यात मोटर कोन लावनार? मालकच. म्हंजे मालकांची मर्जी. सकाळी लावायची ती दुपारी लावायची, लावली की बाजाराची आठवन झाली म्हनून लगेच बंद करायची. कधी कधी आठवड्यातले निम्मे दिवस मोटरघराला कुलूपच. आमच्या आठवड्यात मात्र न चुकता भैरोबाचं नाव. मी भांडले. मी काय गप बसनारी न्हाई. मला म्हनले, तू त्यांची वकील का माझी बायको? मी म्हनलं, बायको हाय म्हनून तर सांगते, गाव शेन घालतंय तोंडात.

माघात मोटर पानी उचलंना. पाइपाच्या बुडाला फुटवाल असतो, त्यानं पानी धरून ठेवायचं असतं, तो गळत हुता. चांदभाई परत आले. मालक कुलूप उघडून देऊन बाजाराला गेले, आन कडूनं मला हाताला धरून मोटरघराकडं नेलं. चांदभाई काय तिचे भाया न्हवते, त्यांच्याशी बोलायला आडकाठी न्हवती.

"भाऊ, मला मोटर शिकवा," ती म्हनली.

चांदभाईंनी आधी माझ्याकडं बघितलं. दादांना चालंल का, असं इचारलं. कडू म्हनली, निम्मी मोटर आमची हाय, निम्मी तरी शिकवा. त्यावर ते हसले, आन मग त्यांनी सगळंच शिकवलं. मेनचा दांडा खाली वढला की पेटीत लाईट ऱ्हात न्हाई, हे तिला हात लावून बघायला लावलं. हात कोरडे पायजेत, पायाखाली फळी पायजे, झाकन कधी काढायचं न्हाई. हिरवं दाबलं की चालू, तांबडं दाबलं की बंद. फुटवाल नवा मिळंपर्यंत काय करायचं, तेबी सांगितलं. शेन पान्यात पातळ कालवायचं आन वरनं पंपात वतायचं, ते खाली जाऊन फट बुजवतं, मग मोटर पानी उचलती. मालकांना हे काम लई घान वाटायचं, गड्याकडनं करून घ्यायचे. आमचा तर जन्म शेनात गेलेला. कडूनं एका दमात कालवलं.

पर शिकलं म्हनून भ्या जातं व्हय? एकदा मी तिच्या घरी इस्तू मागायला गेले, तर ही चुलीमागच्या भिंतीपुढं पाटावर उभी. भिंतीवर एक ठिपका पाल्याचा, हिरवा, आन त्याच्याखाली एक कुंकवाचा. ही हात पुसायची, फुकायची, आन बोटानं हिरवा ठिपका दाबायची. दाबला की अंगावर काटा आल्यासारखी मागं सरायची. परत पुढं. मला वाटलं हिला बाहेरचं काय लागलं. मी म्हनलं, अगं काय हे? तर म्हनली, बाई, हाताला सवय लावते, न्हाईतर ऐन टायमाला हा पळून जाईल. मी हसले तिला, पर घरी आल्यावर मीबी आमच्या भिंतीला एक बोट लावून बघितलं.

बहात्तरचा उन्हाळा. वैशाखात इहीर खाली गेली, लिंबोनीची पानं वाकडी व्हायला लागली आन बोराएवढाली फळं गळून झाडाखाली पडायला लागली. भावजींची पाळी लागली आन त्याच दिवशी मालक कोपरगावला पावन्यांच्या लग्नाला गेले. चावी करदोड्याला. मी म्हनलं, चावी ठेवून जा. म्हनले, कुनासाठी? लग्न झालं, वरात झाली, मांडवपरतनं झालं, तरी ह्यांचा पत्ता न्हाई. कडू आन भावजी पोहऱ्यानं पानी शेंदून झाडाला घालत हुते. उनात ते पानी मातीला लागायच्या आधी सुकायचं. पाळीचा शेवटचा दिवस उजाडला. आज पानी गेलं न्हाई तर पुढचा आठवडा आमच्या उसाचा, आन तवर बागंचं सरपन झालं असतं.

सकाळच्याला कडू माझ्या दारात आली. डोळे सुजलेले, हातात पहार. म्हनली, "बाई, मी कुलूप तोडते. तुमी नको म्हनला तरी तोडते. पर आल्या तर बरं वाटंल."

मी भाकरी तव्यावर तशीच सोडली.

कुलूप दोन घावात गेलं, पहार तिनं माझ्या हातात दिली. आत कोपऱ्यात ती काठी उभी हुती. कडूनं ती उचलली, गुडघ्यावर ठेवली आन कडकन मोडली. काठीनं साप मारत्यात, ही माझी मोटर हाय, असं म्हनत दोन्ही तुकडे इहिरीत टाकले. मग शेन कालवून पंपात वतलं. हात धुतले, पदरानं पुसले, फळी वढली, वर उभी राहिली. मेन वर केला. आन बटनाकडं हात नेला. तिनं हात मागं घेतला. माझ्याकडं बघितलं न्हाई. परत पुसला, परत नेला, आन दाबलं.

मोटर लागली. आधी नुसती घुमली, पाइपानं दोन गुळन्या टाकल्या, हिरवट, शेनाच्या. मी मनातल्या मनात सगळे देव उभे केले. आन मग भसकन पानी आलं, भरल्या पाइपानं. कडू दारातनं पळत बाहेर आली आन पाटात मधोमध बसली, लुगड्यासकट. हसत हुती का रडत हुती, मला सांगता यायचं न्हाई. भावजी लांब बांधावर उभे हुते. ते खोरं घेऊन बारं द्यायला, वाफ्यावाफ्यात पानी वळवायला लागले.

दुपारच्या एसटीनं मालक उतरले. बरोबर त्यांचा चुलतभाऊ सहादेव. पाटाला पानी बघून आधी खूश झाले, मग ध्यानात आलं की चावी आपल्या कंबरंला हाय. तरातरा आले. कुलूप बघितलं, आन तिथनं जे तोंड सुटलं, की शेजारच्या वस्तीची मानसं गोळा झाली. कुनाला इचारून मोटर लावली, इचार म्हनले मला, तिला इचार.

कडू पदर वढून, मोटरघराच्या भिंतीकडं तोंड करून उभी हुती. शांतपनी म्हनली, "बाई, त्यांना सांगा, आज माझी पाळी हाय."

"पाळीचं पानी मी दिलं असतं की," मालक गरजले.

"म्हनावं, दोन्ही पाळ्या हायेत. पान्याचीबी हाय, आन माझीबी आलीया."

आता हे मी कसं सांगायचं? पंधरा-वीस बापे उभे. आमच्या काळात ही गोष्ट नवऱ्यालाबी तोंडानं सांगत न्हवते, बाहेर बसलं की समजून घ्यायचं. पर मी टपालपेटी. मी खच्चून वरडून सांगितलं, की लांबच्यालाबी ऐकू जावं. दोन्ही पाळ्या हायेत म्हनती, आन मोटर चालू हाय, बगा काय करायचं ते. सहादेव आभाळाकडं बघायला लागला.

मालक म्हनले, बंद कर म्हनावं, न्हाईतर आज हिथं मढं पडंल. कडूनं सांगितलं, दिवस मावळायला माझी पाळी संपती, तवा करीन. मग मालक सोताच मोटरघराच्या दारात गेले. मला वाटलं आता बंद करत्यात. पर ते कोपऱ्यात बघून दारातनंच परत आले आन आंब्याखाली जाऊन बसले. सगळी मानसं बसली. बाई मोटरीला चिकटून मरती का, हे बघायला बसली, दुसरं काय. कडू मोटरघरात ये-जा करत हुती. पानी एका एका झाडाखाली जात हुतं. भावजी खोऱ्यानं वाफे फोडत हुते आन दर वाफ्याला वर मान करून बायको जिती हाय का बघत हुते.

दिवस मावळला तशी कडूनं हात पुसले, आत गेली आन तांबडं बटन दाबलं. एक घटका जास्त घेतली न्हाई. बाहेर येऊन मला म्हनली, "बाई, त्यांना म्हनावं, माझं झालं. आता पाळी तुमची."

मालक उठले. ऊस त्यांचाबी तहानलेला हुता, पानी तर पायजेच हुतं. ते आत गेले, फळीवर उभे राहिले. सगळ्यांचं लक्ष त्यांच्या हाताकडं. हात पुढं गेला, परत आला. मला म्हनले, काठी कुठाय? मी म्हनलं, इहिरीत. तवा मला उमगलं, की हा मानूस येवढे दिवस चावी कंबरंला मिरवतोय, पर ह्यानं त्या बटनाला एकदाबी बोट लावलेलं न्हाई.

"मच्छिंद्रा, ये, दाब," मालक म्हनले.

भावजींचं तोंड पांढरं पडलं. तरी ते निघाले. थोरल्याचा शब्द त्यांनी कधी मोडला न्हवता. एक पाऊल टाकलं आन कडूनं सगळ्यांदेखत त्यांचा हात धरला. तसाच धरून ठेवला. मला येवढा संताप आला मालकांचा, की वाटलं हातातली पहार आपटावी. पर त्यांच्याकडं बघितलं तर कपाळावर घाम आलेला. ते माझ्याकडं बघून बारीक आवाजात म्हनले,

"गोजर, मला भ्या वाटतं गं."

मी सवयीनं हे कडूला सांगायला तोंड उघडलं. तिनं मला हातानं थांबवलं. डोक्यावरचा पदर मागं केला, भिंतीकडचं तोंड फिरवलं आन आमच्या मालकांच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"मलाबी वाटतं, दादा," ती म्हनली. "हात पुसा, आन दाबा."

मालकांनी धोतराला हात पुसले, परत एकदा पुसले, आन दाबलं.